दरवर्षी फांद्या छाटूनही लाईट जातेच? मग घोळ छाटणीतच आहे

छाटणी झाली की थोडे दिवस सगळं शांत, मग वारा सुटला की लाईट परत ये-जा करायला लागते, परत तक्रार, परत तेच झाड आणि परत त्याच जागेवरची फांदी. हे चक्र ज्यांच्या मागे लागलंय त्यांच्यासाठी लिहितोय. अशा वेळी सगळे एकच म्हणतात, "कमी छाटलं, अजून खाली घ्यायला पाहिजे होतं." माझं मत अगदी उलटं आहे. बऱ्याचदा कमी छाटलेलं नसतंच, चुकीच्या जागी छाटलेलं असतं, आणि जितकं बेदम छाटाल तितक्या जोमाने झाड परत तारेत घुसतं.

पुढचं वाचून कोयता घेऊन शिडीवर चढू नका, हे आधीच सांगतो. तारेच्या जवळ, म्हणजे गल्लीतल्या साध्या लाईनपासूनसुद्धा साधारण ३ मीटरच्या आत, शरीर, शिडी, आकडी, बांबू काहीच जाता कामा नये. मोठ्या टॉवरची लाईन असेल तर याच्याही पलीकडे राहायचं. लाईट गेलेली असली तरी तेच. लाईन आपोआप परत चार्ज होऊ शकते, आणि कुणाच्या तरी घरातला जनरेटर चुकीचा जोडलेला असेल तर तिकडून उलटा करंट पण येतो. तारेजवळचं काम लाईनवाल्यांचं, आपलं काम म्हणजे नीट निदान करून त्यांना योग्य जागा आणि योग्य काम सांगणं. तेवढ्यानेच अर्धी लढाई होते, कारण येणाऱ्या टीमला कुणी काही सांगितलं नाही की ते समोर दिसेल ते सपासप तोडून निघून जातात.

आधी झाडच आहे का ते बघा

दर वेळी झाडावर ढकलणं सोपं असतं. लाईट कधी जाते आणि कशी जाते ते लिहून ठेवा, वेळ, वारा, पाऊस, ऊन, आणि किती घरांची गेली. फक्त तुमचीच गेली तर पोलवरून घरात येणारी सर्व्हिस वायर बघा, फांदी तिच्यावर घासून कव्हर सोललेलं असतं. गल्लीतल्या काही घरांची गेली आणि बाजूच्यांची आहे, तर एक फेज गेलाय, गल्लीच्या लाईनवर किंवा डीपीच्या फ्यूजवर शोधा. सगळा एरियाच अंधारात तर ११ केव्हीची, म्हणजे ११ हजार व्होल्टची मोठी लाईन.

आता कशी जाते. एक-दोन सेकंद जाऊन आली, परत गेली, परत आली आणि मग गेली ती गेलीच, असं झालं तर ते रिक्लोजरचं काम आहे. ओव्हरहेड लाईनवरचे बहुतेक फॉल्ट तात्पुरते असतात, फांदी टेकली आणि वाऱ्याने बाजूला झाली, म्हणून ते यंत्र लाईन तोडून थोडं थांबून परत जोडून बघतं. ठरलेल्या वेळा जोडूनही फॉल्ट तसाच असेल तर लॉक होतं, मग माणूस येऊन चालू करेपर्यंत नाही. त्यामुळे वाऱ्याच्या दिवशी नुसती ये-जा म्हणजे फांदी हलून टेकतेय, आणि ये-जा करून कायमची गेली म्हणजे काहीतरी तारेवर पडून अडकलंय किंवा तार तुटलीय. लाईट जात नाही, क्षणभर नुसती मंद होते, तर फॉल्ट त्याच सबस्टेशनच्या दुसऱ्याच लाईनवर असू शकतो, तुमच्या दारातल्या झाडाला उगाच बदनाम करू नका.

वारा अजिबात नाही, बरेच दिवस कोरडे गेले आणि पहिल्या रिमझिमीला किंवा धुक्यात ट्रिप होतं, हे बहुतेक धूळ बसलेल्या किंवा तडकलेल्या इन्सुलेटरचं लक्षण. झाड कितीही छाटा, हे थांबणार नाही. आणि एका खोलीतला दिवा भगभगीत तर दुसरीतला मिणमिणता होत असेल तर न्यूट्रल सैल किंवा तुटलाय, त्यात झाडाचं काय ते नंतर बघा, आधी मेन स्विच बंद करा आणि वायरमनला बोलवा नाहीतर टीव्ही-फ्रिज जातील.

झाडच असेल तर ते खुणा सोडतं. जमिनीवरूनच बघा, दुर्बीण असेल तर फार बरं, नाहीतर मोबाईलचा झूम. तारेच्या उंचीवर सरळ रेषेत पानांचे शेंडे करपून तपकिरी झालेले दिसतात, वरची हिरवी, खालची हिरवी, मधला एकच पट्टा भाजल्यासारखा. जरा जाड फांदीवर तार घासत असेल तर साल जाऊन खोबण पडलेली असते, आतलं लाकूड गुळगुळीत आणि कडा कोळशासारख्या काळ्या. अंधार पडल्यावर दमट हवेत बारीक ठिणगी दिसते, तडतड आवाज येतो. हे दिसलं की त्या झाडाला हातसुद्धा लावायचा नाही, टेकायचं नाही, पोरांना चढू द्यायचं नाही.

टेकलेली फांदी असूनही लाईट का जात नाही, मग अचानक का जाते

हा प्रश्न हमखास येतो, "फांदी तर कितीतरी महिन्यांपासून तारेत आहे, मग आजच काय झालं?" झालं असं की ओलं लाकूड करंट नेतं खरं पण फार वाईट नेतं. एकाच फेजला टेकलेल्या फांदीतून जमिनीकडे जाणारा करंट इतका थोडा असतो की डीओला (पोलवरचा फ्यूज) किंवा सबस्टेशनच्या रिलेला (फॉल्ट ओळखून लाईन तोडायला लावणारं यंत्र) ते कळतच नाही, त्यांच्या लेखी कुणीतरी एक दिवा लावलाय. माणसाचा जीव घ्यायला मात्र तेवढा करंट पुरतो, हे डोक्यात ठेवा. खरा घोळ होतो जेव्हा एकच फांदी दोन फेजना किंवा फेज आणि न्यूट्रलला आडवी लागते. मग दोन्ही टोकांना ती जळायला लागते, सालीवर कोळशाचा काळा रस्ता तयार होत होत मध्ये येतो, आणि दोन्ही बाजूचे रस्ते जुळले की धडाम. व्होल्टेज जास्त आणि तारांमधलं अंतर कमी, तितकं हे लवकर. म्हणून ११ केव्हीवर हे बघता बघता होतं, आणि गल्लीतल्या लो व्होल्टेज लाईनवर तीच फांदी फारसं काही न करता पडून राहते. तिथला त्रास वेगळा असतो, फांदी तारेला ढकलते आणि दोन तारा एकमेकींवर आपटतात. याला उपाय छाटणी असतोच असं नाही, स्पॅनच्या, म्हणजे दोन पोलमधल्या तारेच्या, मधे स्पेसर बसवून तारा एकमेकींपासून लांब धरल्या तरी पुष्कळ फरक पडतो, आणि स्वस्तात काम होतं. हे कुणी स्वतःहून सुचवत नाही, विचारावं लागतं.

दुसरा चकवा म्हणजे झोळ, तार दोन पोलच्या मध्ये जितकी खाली लोंबते तो. सकाळी बघितलं तर फांदी आणि तार यात चांगलं अंतर, दुपारी ट्रिप. तार तापली की लांब होते आणि खाली येते, ऊन, कमी वारा आणि वरून सगळ्यांचे एसी चालू म्हणजे लोड जास्त, तिन्ही एकदम दुपारीच जमतात. किती खाली येते याचा लोकांना अंदाज नसतो. १०० मीटरचा स्पॅन आणि १ मीटर झोळ धरा, तारेची लांबी फक्त ५ सेंटिमीटरने वाढली तर झोळ साधारण १.७ मीटर होतो. हो, पाच सेंटिमीटरला सत्तर सेंटिमीटर, भूमितीच तशी आहे. म्हणून अंतर बघायचं ते भर दुपारी, तेही स्पॅनच्या मध्यावर, पोलजवळ उभं राहून नाही. आणि वाऱ्यात तार आडवीपण झुलते, ती मध्यावरच सगळ्यात जास्त, त्यामुळे बाजूला वाढलेलं झाडही मोजा.

हा गल्लीबोळातला फालतू विषय आहे असं वाटत असेल तर १४ ऑगस्ट २००३ आठवा. अमेरिकेच्या ओहायो राज्यात ३४५ केव्हीच्या तीन लाईनी दुपारी तासाभराच्या आत एकामागून एक झाडांना लागून ट्रिप झाल्या, त्यातली पहिली तर तिच्या क्षमतेच्या ४४ टक्के लोडवरच होती, म्हणजे ओव्हरलोड वगैरे काही नाही, झाडच तेवढं वाढू दिलेलं. बाकी चुका जमत गेल्या आणि अमेरिका-कॅनडात मिळून साधारण ५ कोटी लोक अंधारात. त्याच वर्षी २८ सप्टेंबरला पहाटे स्वित्झर्लंडमधली एक लाईन झाडाला लागली आणि जवळपास अख्खा इटली बंद पडला.

मग छाटूनही परत का येतं

मुद्द्याचं हे आहे. टीम येते, तारेच्या खाली एक आडवी रेषा कल्पून तिच्यावरचं सगळं उडवते. झाडाचा शेंडाच गेला. बघायला वाटतं वा, मोकळं झालं. पण शेंड्याचा एक धाक असतो, तो असेपर्यंत खालचे डोळे, म्हणजे कोंब फुटायच्या जागा, गप्प बसलेले असतात. शेंडा गेला, वर अन्न बनवणारी पानं गेली, आणि खाली मुळं मात्र आधीच्याच मोठ्या झाडाची. ती सगळी ताकद त्या थोट्या खुंटावरच्या झोपलेल्या डोळ्यांत जाते आणि एका फांदीच्या जागी झुपकाभर सरळसोट फुटवे सुटतात. सगळे उभे, सगळे तारेच्या दिशेने, आणि साध्या फांदीपेक्षा कितीतरी वेगाने. वर हे फुटवे सालीजवळच चिकटलेले असतात, आत मुरलेले नसतात, त्यामुळे मोठे झाले की वाऱ्याला तिथूनच फाटून तारेवर पडतात. थोटा खुंट कुजत जातो ते वेगळंच. म्हणजे पैसे देऊन आपण पुढच्या वर्षीचा फॉल्ट लावून घेतो.

बरोबर पद्धत कुठली? फांदी मधेच तोडायची नाही. जिथून ती निघते तिथपर्यंत मागे जायचं. तारेकडे जाणारी फांदी पूर्ण काढायची आणि तारेपासून लांब जाणारी ठेवायची, झाडाला दिशा द्यायची. मोठी फांदी आखूडच करायची असेल तर तिच्यावरच्या अशा उपफांदीपर्यंत कापायची जिची जाडी मूळ फांदीच्या निदान एक तृतीयांश आहे, तरच ती शेंड्याचं काम हातात घेते आणि फुटवे कमी येतात. झाड बरोबर तारेखाली असेल तर मधून व्ही आकाराची खिंड होते, बाजूला असेल तर एकच बाजू मोकळी होते. दिसायला विचित्र दिसतं, मान्य आहे, शेजारी नावं ठेवतील, ठेवू देत. टकलं केलेल्या झाडापेक्षा ते जास्त जगतं आणि परत तारेत यायला त्याला जास्त वेळ लागतो.

आता कापाची जागा. फांदी खोडाला मिळते तिथे जरासं फुगलेलं, सुरकुतलेलं कडं दिसतं, ती फांदीची कॉलर. काप त्या कड्याच्या अगदी बाहेर घ्यायचा. कडं कापलं तर जखम खोडाला होते, लांब ठेवलं तर खुंटी कुजते. जड फांदी एकदम वरून कापली की स्वतःच्या वजनाने खाली येताना खोडाची साल सोलत नेते, म्हणून आधी फूटभर पुढे खालून थोडा काप, मग त्याच्या जरा पुढे वरून काप, फांदी पडली की राहिलेली खुंटी कॉलरच्या बाहेर साफ. आणि त्या जखमेला डांबर, रंग, शेण काही फासू नका. झाड जखम भरत नाही, ती आतून भिंती घालून बंद करून टाकतं, वरून लेप लावून त्याला मदत होत नाही. हे अमेरिकेतल्या अ‍ॅलेक्स शायगो या वनस्पती शास्त्रज्ञाने हजारो झाडं उभी चिरून दाखवलंय, तरी लोक डांबराचा डबा घेऊन तयारच असतात. एका वेळी पाव भागापेक्षा जास्त हिरवा पसारा काढू नका, त्याहून जास्त काढायची वेळ येत असेल तर ते झाड तिथे चुकीचं आहे एवढाच त्याचा अर्थ.

ज्यांना हे नियम लागू नाहीत

बांबू. कापलेली काठी परत उंच होत नाही, पण जमिनीखालून नवीन कोंब येतो आणि एकाच हंगामात पूर्ण उंची गाठतो, तेव्हा वरून छाटून उपयोग शून्य, तारेखालच्या बाजूचे कोंब लहान असतानाच मोडत राहायचं किंवा बेटच तिकडून काढायचं. ताड-माडासारखी झाडं: वाढणारा डोळा एकच, तो शेंड्यात. तो कापला की झाड मेलं, आखूड करणं हा प्रकारच नाही. तारेखाली असेल तर लहान असताना हलवा किंवा काढून टाका. निलगिरी, सुबाभूळ असली झाडं बुंध्यापासून तोडली तरी बुडख्यातून पाच-सहा फोक येतात, एक झाड तोडून पाच लावल्यासारखं. तोडलं की लगेच, काप ओला असतानाच, सालीच्या आतल्या कडेला गोल फिरवून ग्लायफोसेट किंवा ट्रायक्लोपायरसारखं तणनाशक लावावं लागतं, लेबलवर लिहिलंय तेवढंच आणि हातमोजे घालून. उद्या लावू म्हणालात तर काप सुकतो आणि औषध आत जात नाही.

वेली. पोलवर, ताणावर (पोलला आधार देणारी तिरकी तार) चढून थेट डीपीपर्यंत जातात आणि पावसात सगळं ओलं झालं की फ्यूज उडतो, शिवाय खारी आणि साप वर जायला आयती शिडी. बुडातून कापा, तेही वेल ताणाला चिकटलेली नसेल अशा जागी, आणि तिथेच थांबा. ओढून काढायचा मोह होतो, ओढली की वर तार हलते. सुकलेली वेल लाईनवाले काढतील.

हिरवीगार फांदी सोडून मेलेलं झाड बघा

लोकांचं सगळं लक्ष तारेत घुसलेल्या फांदीकडे असतं, पण मोठा काळोख करतात ती बाहेरून पडणारी झाडं, जी तारेपासून चांगली लांब उभी असतात आणि छाटणीच्या यादीतच नसतात. तार तोडतात, पोल वाकवतात, मग दिवस-दिवस लाईट नाही. बुंध्याशी अळंब्या किंवा बुरशीचे कडक कान, ढोली, वरच्या फांद्या वाळत चाललेल्या, दोन खोडांच्या बेचक्यात साल आत दबलेली, अचानक वाढलेला कल, कलाच्या उलट बाजूची मुळांजवळची जमीन उचललेली किंवा भेगाळलेली, या त्यांच्या खुणा. आणि अलीकडेच गटार-पाईपसाठी शेजारी खणलं असेल तर मुळं तुटलीत का ते नक्की बघा, झाड वरून महिनोन्‌महिने ठणठणीत दिसतं आणि एका पावसाळी वाऱ्यात आडवं होतं. झाडाची उंची ते आणि तार यातल्या अंतरापेक्षा जास्त असेल तर ते झाड तुमच्या यादीत आलं पाहिजे.

जिथे लाईनखाली लांबच लांब मोकळा पट्टा आहे तिथे अजून एक गैरसमज, की दरवर्षी सगळं सपाट मारलं की झालं. पेनसिल्व्हेनियामध्ये १९५३ पासून एका हायव्होल्टेज लाईनखाली हेच तपासायचा प्रयोग चालू ठेवला गेला, ब्रॅम्बल आणि बर्न्स या दोघांनी तो उभा केला. नुसतं कापत राहिलं की फुटव्यांनी झाडांची गर्दी उलट वाढते, आणि फक्त उंच होणारी झाडं निवडून मारली, गवत-झुडपं राहू दिली, की ती दाट झुडपंच नवीन रोपांना डोकं वर काढू देत नाहीत. तारांखाली गवत आणि ठेंगणी झुडपं, कडेला जरा उंच झुडपं, त्याच्या पलीकडे मोठी झाडं. छोट्या गल्लीलाही हे चालतं, तारेखाली ३-४ मीटरच्या वर न जाणारं काहीतरी लावा, मोकळी जागा ठेवलीत तर पक्ष्यांच्या कृपेने तिथे वड-पिंपळच येणार.

तक्रार कशी करायची

"आमच्याकडे झाडं तारेला लागतात" असं लिहिलं की कुणीतरी येऊन कुठलं तरी झाड तोडून जातं. दोन्ही पोलचे नंबर लिहा, त्यांच्या मध्ये कुठे, रस्त्याच्या कुठल्या बाजूला, वरची लाईन की खालची, करपलेल्या पट्ट्याचा फोटो, आणि लाईट गेलेल्या तारखा-वेळा हवामानासकट. झाड कुणाच्या जागेत आहे ते आधी बघून त्या मालकाशी बोला, सार्वजनिक झाड असेल तर परवानगी लागेल, ऐन कामाच्या दिवशी गेटवर भांडण झालं की टीम गाडी वळवून जाते. पावसाळी वाऱ्यांच्या आधी काम होईल असं बघा, भर वादळात आलेला माणूस कॉलर बघत बसत नाही, तो मिळेल तिथे तोडणार, आणि त्यात त्याचं चुकतही नाही.

टीम आली की विचारा, लाईन बंद घेतलीय का, तपासून अर्थिंग लावलंय का. "इथली फांदी मधेच नका तोडू, पार मागच्या बेचक्यापर्यंत घ्या" एवढं एक वाक्य बोललात तरी काम बदलतं. त्यांना चहा विचारण्यापेक्षा, म्हणजे चहाही विचारा, पण जमिनीवर उभं राहून बोटाने फांदी दाखवणारा एक माणूस हवा.

हे सगळं नीट करूनही त्याच स्पॅनला त्रास होत असेल तर भांडण झाडाशी नाही, लाईनशी आहे. मधे एक पोल टाकून झोळ कमी करता येतो, लाईन वर घेता येते, लो व्होल्टेजला उघड्या तारांऐवजी एबी केबल (कव्हर असलेल्या, एकत्र पिळलेल्या तारा) टाकता येते. एबी केबलला पानं टेकलेली चालतात, पण जाड फांदी वर्षानुवर्षं घासली तर इन्सुलेशन जाणारच, त्यामुळे तिथेही घासणारी फांदी काढायचीच. भूमिगत करा अशी मागणी सगळीकडे होते, होईल तिथे चांगलंच आहे, फक्त त्या खड्ड्यासाठी त्याच झाडांची मुळं तोडली जाणार नाहीत याकडे लक्ष ठेवा. वाढ मंदावणारं पॅक्लोब्युट्राझॉल बुंध्याशी देतात, त्याने काही वर्षं फुटव्यांचा वेग कमी होतो, पण ते बरोबर छाटलेल्या झाडाला, टकल्याला नाही, आणि मात्रा जाणकारानेच ठरवायची.

छाटणीनंतर पहिल्या मोसमात परत एकदा खालून झूम करून कापलेल्या जागा बघा. कड्याभोवती साल गोल दाट होत आत सरकत असेल तर काप बरोबर बसलाय. झुपका दिसला तर काप चुकलाय, आणि तो झुपका बोटाएवढा आहे तोवरच त्याच टीमला परत बोलवून त्यातला बाहेरच्या दिशेचा एखादा ठेवून बाकीचे बुडातून काढून घ्या, मनगटाएवढे झाल्यावर परत खुंट, परत झुपका.